रानलिली ओळखायची तर फूल मागून बघा

पहिले दोन-तीन जोरदार पाऊस झाले की ट्रेकिंगच्या प्रत्येक ग्रुपवर एक फोटो येतोच. कातळ, मागे धुकं, मधोमध सहा पाकळ्यांचं पांढरं फूल आणि खाली प्रश्न: "हे कोणतं?" दहा मिनिटांत उत्तरं हजर. एक म्हणतो मुसळी, दुसरा म्हणतो ऑर्किड, तिसरी 'व्हाइट लिली' लिहून मोकळी होते. तिघांपैकी कुणाचंही बरोबर असू शकतं, कारण फोटो समोरून काढलेला असतो, आणि समोरून बघितलं तर सह्याद्रीतली कितीतरी पांढरी फुलं एकमेकांच्या बहिणी वाटतात. मीही पहिली तीन वर्षं असेच फोटो काढले. आज ते उघडून बसले तर निम्म्याहून जास्त फुलांना नाव देता येत नाही. फुलाची मागची बाजू नाही, पान नाही, दांडा कुठून निघालाय ते नाही. धुकं मात्र छान आलंय.

पावसाळ्यात डोंगरात जायला लागलेल्या आणि "हे फूल कोणतं?" याच्या पुढे जावंसं वाटणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. वनस्पतिशास्त्र शिकलेलं असायची गरज नाही. सहापर्यंत मोजता यावं आणि चिखलात गुडघे टेकायची तयारी असावी, एवढं पुरे.

आधी 'लिली' कशाला म्हणायचं ते

काटेकोरपणे बोलायचं तर 'लिलियम' गटातली फुलं तेवढी खरी लिली, आणि महाराष्ट्राच्या डोंगरात त्यांतली एकही रानात उगवत नाही. ती बघायला दक्षिणेत निलगिरी किंवा पळणीच्या डोंगरात जावं लागतं, नाहीतर थेट हिमालयात. मग आपण ज्यांना रानलिली म्हणतो त्या कोण? जुन्या पुस्तकांत लिलीचं कुळ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मोठा वाडा होता. कळलावी, मुसळी, शतावरी, रानकांदा सगळे त्याच छपराखाली. पुढे डीएनएचा अभ्यास झाला आणि वाटण्या झाल्या. कळलावी एका कुळात गेली. मुसळी, रानकांदा आणि दीपकाडी शतावरीच्या कुळात गेले. मोठ्या पांढऱ्या फुलांचे क्रायनम आणि पॅनक्रॅशियम तर आधीपासूनच शेजारच्या घरात मोजले जायचे, आता कांदा-लसूणही त्यांच्याकडे राहायला गेलेत.

ट्रेकरला या वाटण्यांचा त्रास करून घ्यायचं कारण नाही. जमिनीत कांदा किंवा कंद, पानांच्या शिरा बहुतेक लांबीला समांतर, सहा पाकळ्यांचं फूल आणि पावसाशी बांधलेलं आयुष्य, असा जो गोतावळा आहे त्याला मी इथे सरसकट रानलिली म्हणणार आहे. आठ-नऊ महिने हे सगळे जमिनीखाली गाडून घेऊन असतात. वर येतात, घाईघाईनं फुलतात, बी धरतात आणि पुन्हा गायब. म्हणूनच एखादा कातळ तुम्ही जानेवारीत दहा वेळा तुडवलेला असतो आणि त्याखाली काय आहे याचा पत्ता नसतो.

सोबत काय घ्यायचं

फार काही नाही. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग (घड्याळजीकडे असतं तसलं), पावसात भिजली तरी चालेल अशी वही, पेन्सिल, आणि एक रुपयाचं नाणं. नाणं फोटोत फुलाशेजारी ठेवायचं म्हणजे आकार कळतो. मोबाइलचा कॅमेरा पुरतो. कुदळ, सुरी, खुरपं यांतलं काही घ्यायचं नाही; का ते पुढे येईल.

पायरी १: नावाआधी महिना आणि जागा लिहा

रानलिलींच्या बाबतीत कॅलेंडर हे अर्धं ओळखपत्र आहे. एप्रिल-मेच्या रखरखाटात पान एकही नाही आणि नुसता मळकट फुलांचा दांडा उभा दिसला, तर तो रानकांदा असण्याची शक्यता मोठी. वळवाच्या आणि मृगाच्या पावसावर क्रायनम, पॅनक्रॅशियम, लेडेबोरिया, काळी मुसळी. जून-जुलैत पांढऱ्या मुसळ्या आणि दीपकाडी. जुलै-ऑगस्टमध्ये गवतात लपलेली इफिजेनिया. ऑगस्टपासून पुढे, गणपतीच्या आसपास, कळलावी. (ही नावं अनोळखी असतील तर घाबरू नका, एकेकीची ओळख पुढे आहे.)

इथे एक गंमत सांगते. कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर ठिकाणांसोबत जागतिक वारसा यादीत गेलं आणि तेव्हापासून सप्टेंबरात तिथे जत्रा भरते. पण सप्टेंबरातली कासची रंगपंचमी ही तेरडा, सोनकी, सीतेची आसवं यांची. लिलीच्या गोतावळ्यातले बहुतेक पाहुणे तोवर फुलून, बी धरून आवराआवरीला लागलेले असतात. रानलिली बघायच्या तर गर्दीच्या दोन-तीन महिने आधी जायला हवं. तेव्हा पठारावर धुकं, वारा आणि म्हशी एवढंच असतं.

जागा लिहिताना नुसतं 'राजगड' किंवा 'भीमाशंकर' लिहून भागत नाही. उघडा सडा (म्हणजे सपाट खडकाळ पठार), कातळाच्या खळग्यातली मूठभर माती, गवताळ उतार, ओढ्याचा काठ की झाडीतली सावली, हे लिहा. ओढ्याकाठी पाण्यात पाय सोडून बसलेलं क्रायनम आणि सड्यावरचं क्रायनम या वेगवेगळ्या जाती असतात.

पायरी २: सहा मोजा, मग आणखी सहा मोजा

या गोतावळ्यात फुलाला सहा पाकळ्या दिसतात. नीट पाहिलं तर त्या तीन आणि तीन अशा दोन फेऱ्यांत असतात: बाहेरच्या तीन, आतल्या तीन. गुलाबाला किंवा जास्वंदीला पाकळ्यांखाली हिरवा पेला असतो तसा इथे नसतो. बाहेरचा पेलाच पाकळ्यांसारखा रंगीत झालेला असतो.

पण सहा पाकळ्यांवर थांबलात की फसाल. आमरी, म्हणजे ऑर्किड, हिलासुद्धा मोजून सहाच भाग असतात. म्हणून दुसरी मोजणी पुंकेसरांची. रानलिलीत सहा वेगवेगळे पुंकेसर दिसायला हवेत, प्रत्येकाच्या टोकाला परागकोश. आमरीत असे सहा तंतू सापडणारच नाहीत; तिथे नर-मादी भाग मिळून मधोमध एकच जाडसर खुंट झालेला असतो आणि सहांतली एक पाकळी ओठासारखी वेगळी, बहुतेकदा मागे सोंड काढलेली. जून-जुलैत सड्यावर जमिनीला चिकटलेलं एकच गोलसर पान आणि त्यातून निघालेला पांढऱ्या फुलांचा दांडा दिसला की नवखे त्याला लिली म्हणतात. ती हॅबेनेरिया, आमरीच.

तीनच पाकळ्या असतील आणि खाली तीन हिरवी दलं असतील, तर ती केना-नीलवंतीची भावकी. त्यांना सोडून द्या, निदान आजच्या दिवसापुरतं.

पायरी ३: आता मागून बघा

माझ्या मते सगळ्या ओळखीत ही एक पायरी नव्वद टक्के काम करते, आणि हीच कुणी करत नाही.

फूल तोडू नका. खाली वाका, गाल जवळजवळ जमिनीला लागेल इतकं वाका, आणि फुलाच्या बाजूनं, मागून बघा. प्रश्न एकच: अंडाशय, म्हणजे पुढे ज्याचं फळ होणार आहे तो हिरवा फुगीर भाग, पाकळ्या जिथे जोडल्यात त्याच्या आत आहे की मागे?

मुसळीचं फूल घ्या. पाकळ्या मागे पसरलेल्या, आणि मधोमध, पुंकेसरांच्या वेढ्यात, हिरवी गोळी बसलेली. अंडाशय आत. आता क्रायनम किंवा पॅनक्रॅशियम घ्या. फुलाच्या आत डोकावलात तर गोळी दिसत नाही, फक्त लांब दांडी बाहेर आलेली. फुलाच्या मागे एक नळी, आणि नळीच्या पार तळाशी हिरवा फुगवटा. अंडाशय मागे. एवढं एक बघितलं की अर्धी नावं आपोआप बाद होतात.

कळलावीजवळ मात्र गोंधळ होतो. तिचं फूल खाली मान घालून लटकतं आणि पाकळ्या उलट्या वर वळतात, त्यामुळे हिरवं अंडाशय पाकळ्यांच्या खाली लोंबताना दिसतं. लोक म्हणतात, मग हे क्रायनमसारखंच की. तसं नाही. वर-खाली हे जमिनीच्या हिशेबानं धरायचं नाही. मनातल्या मनात फूल सुलटं करा. अंडाशय पाकळ्यांच्या पुढे, आतल्या बाजूला येतं.

बाजूनं बघत आहातच तर पुंकेसरांचे पायही बघा. ते सुटे आहेत की एका पातळ पांढऱ्या पडद्यानं जोडून त्यांची वाटी झाली आहे? वाटी असेल तर पॅनक्रॅशियम. वाटी नसेल, सहाही तंतू सुटे असतील आणि नळी लांब असेल तर क्रायनम.

पायरी ४: तुरा की छत्री

दांड्यावर फुलं कशी लागलीत? खालून वर एकामागून एक, कणसासारखी, तर तो तुरा. मुसळी, रानकांदा, दीपकाडी, लेडेबोरिया या सगळ्यांचा तुरा. दांड्याच्या टोकाला एकाच बिंदूतून सगळी फुलं निघाली असतील, छत्रीच्या काड्यांसारखी, आणि त्या बिंदूपाशी कागदासारखी सुकलेली आवरणं असतील, तर क्रायनमचं घराणं. एकच फूल असलं तरी ते कागदी आवरण शोधा, ते असतंच.

पायरी ५: पान

फुलापेक्षा पान जास्त दिवस राहतं, त्यामुळे पानावरून ओळखता आलं तर हंगाम चुकला तरी बिघडत नाही. पान फुलाबरोबर आलंय की फूल आधी, ते लिहा. कडा सपाट की लाटेसारखी. पानावर ठिपके आहेत का. शेंड्याला काय आहे. शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण कळलावी त्याच एका गोष्टीवरून फुलाशिवाय ओळखता येते.

आता माणसं ओळखूया

सुरुवात सगळ्यात सोपीपासून. *कळलावी*: करवंदीच्या जाळीवर, कुंपणावर, झुडपावर चढलेला नाजूक वेल. पानाचा शेंडा लांबून स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो आणि त्यानंच ती आधार धरते. आपल्या रानात असं पान असलेली दुसरी लिली नाही. फुलाच्या पाकळ्या अरुंद, कडा चुण्या घातल्यासारख्या, वर वळलेल्या. उमलताना हिरवट, मग पिवळ्या आणि शेंड्याकडे लाल, शेवटी सगळ्याच लालभडक. एकाच वेलावर तिन्ही अवस्था असतात आणि नवखे "दोन जाती एकत्र सापडल्या" म्हणून खूश होतात. फुलातली मधली दांडी बुडापाशी काटकोनात एका बाजूला वळलेली असते, तीही बघून घ्या. कोकणात काही भागांत या फुलांना 'गौरीचे हात' म्हणतात आणि गौरी सजवताना ती वापरतात. नावाबद्दल दोन कथा ऐकायला मिळतात: घरात आणली की भांडणं लागतात म्हणून कळलावी, किंवा बाळंतपणाच्या कळा आणण्यासाठी वापरायचे म्हणून. संस्कृतात तिला लांगली म्हणतात, म्हणजे नांगराची. जमिनीतला कंद नांगरासारखा वाकडा, दोन फाट्यांचा असतो. तमिळनाडूचं हे राज्यफूल.

*पांढरी मुसळी आणि तिच्या बहिणी*, म्हणजे क्लोरोफायटम. जूनमध्ये सड्यावर आणि गवताळ उतारावर पांढऱ्या चांदण्या दिसतात त्यांतल्या बऱ्याच या. जमिनीलगत पानांचा पसारा, त्यातून तुरा, चांदणीसारखी सहा सुट्या पाकळ्यांची फुलं आणि मधे पिवळेधमक परागकोश. प्रत्येक फूल एकाच दिवसाचं सोबती. फळ तीन पंखांचं, तीन पाती एकमेकांना चिकटवल्यासारखं. एवढं जुळलं की 'क्लोरोफायटम' लिहा आणि थांबा. पुढे जाती बऱ्याच आहेत आणि त्या वेगळ्या काढायला पानाचा रंग, रुंदी, तुऱ्याच्या फांद्या, कधी मुळंसुद्धा बघावी लागतात. त्यांतल्या एका जातीचं शास्त्रीय नाव 'बोरिव्हिलिएनम' आहे, आपल्या बोरिवलीवरून. लोकल ट्रेनच्या पाटीवरचं नाव एका औषधी वनस्पतीला चिकटलंय, हे मला फार आवडतं. नामकरण करणाऱ्या दोघांपैकी एक फादर संतापाऊ, मुंबईच्या सेंट झेवियर्समधले. दुसऱ्या एका जातीचं नाव कोल्हापूरवरून आहे.

*दीपकाडी*: सडपातळ दांडा, त्यावर हिरवट-पांढरी, घंटेसारखी फुलं. खूण पक्की आहे: आतल्या तीन पाकळ्या मिळून नळी करतात आणि बाहेरच्या तीन पाकळ्या मागे वळतात, टोपीची कड वळवावी तशा. घाटमाथ्यावर आढळणाऱ्या जाती लहान आणि हिरवटसर असल्यामुळे गवतात सहज चुकतात. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावरची कोकण दीपकाडी मात्र मोठी आणि शुभ्र. पावसाळ्यात रत्नागिरीकडे कातळावर ती अख्ख्या पट्ट्यानं फुललेली बघण्यासारखी असते. ज्यांना 'ओसाड कातळ' म्हणून नकाशावरून पुसतात त्या जागा या.

*इफिजेनिया*: हिला शोधायला सराव लागतो. पानं हुबेहूब गवत. फूल जांभळं किंवा काळपट तांबूस, सहा अरुंद पाकळ्यांची चांदणी, बोटाच्या पेराएवढी. मी पहिल्यांदा बघितलं ते वाकून बुटाची नाडी बांधताना. एकदा नजर बसली की त्याच उतारावर पन्नास दिसतात.

*लेडेबोरिया*: पहिल्या पावसात जमिनीशी पसरलेली, जांभळट ठिपके पडलेली पानं आणि मधे हिरवट-जांभळ्या बारीक घंटांचा तुरा. फुलं भिंगातून बघा. पुंकेसरांचे तंतू जांभळे असतात. पान ठिपक्यांवरून चटकन ओळखू येतं.

*रानकांदा*, कोळकांदा असंही म्हणतात: उन्हाळ्यात बिनपानांचा उंच दांडा, विरळ, मळकट तपकिरी फुलं, पाकळीच्या मधोमध हिरवट रेघ. दिसायला अजिबात आकर्षक नाही, म्हणून फोटोत येत नाही. पानं पावसाबरोबर येतात, आणि तीच धोक्याची. त्याबद्दल खाली.

*काळी मुसळी*: नावात मुसळी असली तरी पांढरीशी जवळचं नातं नाही. ताडाच्या रोपासारखी घड्या पडलेली पानं आणि अगदी मातीला टेकलेली पिवळी सहा पाकळ्यांची चांदणी, बाहेरून लव असलेली. फुलाला देठ वाटतो ती खरं तर लांब मान. अंडाशय पानांच्या बुडाशी मातीत दडलेलं असतं. मागून बघायचा नियम इथे पाळता येत नाही. पिवळं, जमिनीला टेकलेलं, घडीची पानं, एवढ्यावर ओळखा.

आणि मग थोरली मंडळी. *क्रायनम* म्हणजे मोठा कांदा, पट्ट्यासारखी लांब पानं, जाड दांडा, टोकाला छत्री आणि मोठी पांढरी, सुवासिक फुलं. काही जातींत पाकळीवर गुलाबी पट्टा असतो. गडांबी कांदा, नागदवणा ही नावं तुम्ही ऐकली असतील. नागदवणा बागेतही लावतात. ओढ्याकाठी अरुंद पाकळ्यांचं क्रायनम नेहमी दिसतं. बी मांसल, गोटीसारखं, आणि ते मातीत पुरायचीही वाट बघत नाही, नुसतं जमिनीवर पडून कोंब काढतं. महाबळेश्वरच्या परिसरात दोन दुर्मिळ क्रायनम आहेत. एकाचे पुंकेसर आखूड, शास्त्रीय नावातच 'आखूड तंतू' असा अर्थ आहे. दुसऱ्याला पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या वुड्रो यांचं नाव दिलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची नोंद झाली आणि मग ते शंभराहून अधिक वर्षं कुणाला सापडलं नव्हतं. ही दोन्ही मे-जूनमध्ये, पर्यटक स्ट्रॉबेरी क्रीम खाऊन परतल्यावर फुलतात.

*पॅनक्रॅशियम* क्रायनमपेक्षा लहानखुरं, सड्यावर, कातळाच्या फटीत, पहिल्या पावसाबरोबर. पांढरं फूल, मधे ती वाटी. आता तुम्ही म्हणाल, ही तर आमच्या सोसायटीच्या बागेत आहे. नाही. बागेतली वाटीवाली ती स्पायडर लिली, मूळची अमेरिकेची, दाट झुपक्यानं वाढणारी, बारमाही हिरवी, लांब कोळ्यासारख्या पाकळ्यांची. रानातलं पॅनक्रॅशियम सुटं-सुटं, मोजक्या फुलांचं आणि पाऊस सरल्यावर जागेवरून नाहीसं होणारं.

बागेतून पळालेली आणि नुसत्या नावाची लिली

गडावरच्या देवळाशेजारी, वाड्याच्या पडक्या चौथऱ्यावर गुलाबी, पांढरी किंवा पिवळी, एका दांड्याला एकच फूल असलेली छोटी लिली दिसली तर ती रेन लिली. हीसुद्धा अमेरिकेची, कुणीतरी कधीतरी लावली आणि ती टिकली. वाटी नाही, झाडं ओळीत किंवा झुपक्यात, जवळपास माणसाची वस्ती, यावरून ओळखावी.

सापकांद्याला इंग्रजीत कोब्रा लिली म्हणतात म्हणून तो लिली होत नाही. तो अळवाचा भाऊबंद. फणा म्हणजे पाकळी नव्हे, फुलांच्या दांड्याभोवतीचं आवरण. सोनटक्का आणि रानहळद आल्याच्या घरातले. तळ्यातली कुमुदिनी तर फारच लांबची.

खाण्याबद्दल, जरा कडक भाषेत

पावसाळ्याच्या सुरुवातीला फोडशीची भाजी बाजारात येते. कुलू असंही नाव आहे. ती म्हणजे क्लोरोफायटमची कोवळी पानं, डाळ घालून केली की अप्रतिम लागते. एकदा घाटाखालच्या एका पाड्यावर मुक्काम होता. मी उत्साहानं ओंजळभर 'फोडशी' खुडून आणली आणि चुलीशी बसलेल्या मावशींपुढे ठेवली. त्यांनी एकेक पान बोटांत फिरवून दोन ढीग केले. दुसरा ढीग उचलून सरळ कुंपणापलीकडे टाकला.

"ही न्हाई खायाची, बाय. ही रानकांद्याची."

"पण मावशी, सारखीच दिसतायत की."

"तुला दिसत्यात सारखी."

रानकांद्यात हृदयावर परिणाम करणारं विष असतं. कळलावीत कोल्चिसिन नावाचं विष असतं, कंदात भरपूर. रताळ्यासारखा कंद समजून खाल्ल्यानं माणसं दगावली आहेत. आधी उलट्या-जुलाब होतात आणि लोकांना वाटतं अन्न बाधलं, पुढचं नुकसान नंतर कळतं. म्हणून नियम साधा आहे. फुलावरून ओळख पटली तरी रानातलं कोवळं पान किंवा कंद स्वतःच्या जबाबदारीवर खायचं नाही. फोडशी खायची तर बाजारात विकणाऱ्या बाईकडून घ्या, ती आयुष्यभर हेच निवडत आली आहे. कुणी चुकून काही खाल्लंच तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठा, आणि झाडाचा तुकडा किंवा फोटो सोबत न्या.

कांदा उपटायचा नाही

"मूळ बघितल्याशिवाय कसं कळणार?" असं विचारणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो. कळतं. वरच्या पाच पायऱ्यांत कुठेही मूळ लागलं नाही. कांदा काढला की झाडाची पुढची सगळी वर्षं काढली, आणि घरच्या कुंडीत सड्यावरची झाडं सहसा जगत नाहीत. राखीव जंगलात आणि अभयारण्यात तर काहीही काढणं हा गुन्हा आहे. रानडुक्कर आणि सायाळ कांदे उकरतात ते त्यांचं जेवण. आपल्याला डबा आहे. वाट खचलेल्या जागी कधी आयतेच कंद उघडे पडतात, तिथे मनसोक्त फोटो काढा आणि माती सारून ठेवा.

पाच फोटो

प्रत्येक झाडाचे पाच फोटो घ्यायची सवय लावा. जागेसकट अख्खं झाड, फूल समोरून, फूल बाजूनं (अंडाशय दिसेल असं), पानं जिथून निघतात ते बूड, आणि फळ असेल तर फळ. त्यांतल्या एकात नाणं. एवढे असले की जाणकार माणूस घरी बसून नाव सांगू शकतो, किंवा आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाकून मदत मिळवता येते. ॲप जे नाव सुचवतं ते पहिला अंदाज म्हणून घ्या; आपल्याकडच्या स्थानिक जातींच्या बाबतीत ते दूरदेशीचं काहीतरी सुचवतं. दुर्मिळ क्रायनम सापडलं तर अचूक ठिकाण जाहीर करू नका, तालुका सांगितला तरी पुरे. कांदे खणून विकणारेही इंटरनेट वाचतात.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी

आपली मंडळी मे-जूनमध्ये उत्तराखंड-हिमाचलला जातात, तिथे खऱ्या लिली आणि त्यांची जवळची भावंडं भेटतात. देवदाराच्या जंगलात मान खाली घातलेली, ठिपक्यांची पांढरट लिली. सावलीत माणसाहून उंच दांड्याची, मोठ्या हृदयाकार पानांची जायंट लिली. वरच्या कुरणांत चौकडीचा नक्षीदार घंटेसारखा फ्रिटिलारिया, ज्याच्या कांद्यांची औषधासाठी बेसुमार खोदाई होते. मणिपुरात उखरुलजवळच्या शिरुई डोंगरावर फिकट गुलाबी शिरुई लिली आहे, त्या राज्याचं राज्यफूल. पायऱ्या तिथेही त्याच: महिना, सहा आणि सहा, मागून, तुरा की छत्री, पान. फरक इतकाच की खऱ्या लिलीत पानं बहुधा फुलाच्या दांड्यावरच चढत गेलेली असतात, आपल्याकडच्या बहुतेकांसारखी जमिनीशी गोळा झालेली नसतात.

पहिली फेरी

पहिल्याच दिवशी दहा जाती शोधायला जाऊ नका. मृगाचा पाऊस होऊन आठ-दहा दिवस गेले की घराजवळचा एखादा उघडा सडा किंवा गवताळ माथा निवडा, सकाळी लवकर पोचा, आणि दोनशे पावलांच्या पलीकडे जायचं नाही असं ठरवा. मुसळी सापडेल, बहुधा लेडेबोरियाही. दोन्हींची फुलं बाजूनं बघा, वहीत अंडाशयाचं वेडंवाकडं चित्र काढा. दुपारी ढग गडगडायला लागले की माथा सोडून खाली उतरा; उघड्या पठारावर विजेला तुमच्यापेक्षा उंच काही सापडत नाही. पंधरा दिवसांनी त्याच दोनशे पावलांत पुन्हा जा. मुसळीला तीन पंखांची फळं धरलेली असतील, आणि गवतात, जिथे मागच्या वेळी काहीच नव्हतं तिथे, दीपकाडीचा दांडा वर आलेला असेल.